सरळमार्गी

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत जिना उतरणं धोक्याचं असतं. खाली नाना गाडी मेन स्टँडवर चढवून गिऱ्हाईक शोधत असतात. "दोनच मिनिटं हो. जरा मागे बसता का?"

मागे बसायचं ते फेरफटक्यासाठी नव्हे. मागे वजन पडलं की पुढचं चाक अधांतरी होतं, एवढंच आपलं काम. मी दुधाची पिशवी सांभाळत बसलोय. शेजारच्या आजींचे जावई दिवाळसणाला आले होते, तेही बसून गेले.

गाडी १९८४ची येझदी, जन्म म्हैसूरचा. कारखान्याला १९९६ साली टाळं लागलं, तरी नानांनी सुतक काही धरलं नाही. किक आणि गिअर यांना मिळून दांडा एकच. नाना याला संस्कार म्हणतात.

तिचा आजार म्हणजे कोन सेट. हँडलच्या मानेत वर-खाली वाट्या आणि त्यांत ग्रीसमध्ये बसवलेले छर्रे. हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे खड्ड्यांचे दणके छर्रे त्याच त्या जागी खातात. ग्रीस बाजूला सरकतं आणि वाटीला बारीक खळगे पडतात. मग हँडल मध्यावर आलं, की छर्रे खळग्यात बसतात. खट्! ते खट् आपल्याला लागावं म्हणून नाना आपली दोन बोटं धरून हँडलवर टेकवतात, वैद्यबुवांनी नाडी दाखवावी तशी. "लागलं?" लागलं म्हटलं तर अर्धा तास. नाही म्हटलं तर पाऊण.

कुठल्याही मेकॅनिकने हे दुखणं संध्याकाळच्या आत संपवलं असतं. पण नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाहणी चालू असताना काम उरकून टाकणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. नाना पेठेतून नवा कोन सेट आणून अडीच वर्षं झाली होती आणि तो चिवड्याच्या डब्यात पडून होता. आधी ग्रीसला पाणी लागेल म्हणून पावसाळा, मग पितृपक्ष, मग 'आता दिवाळीनंतरच बघू'. शिवाय त्यांचा सिद्धांत तयारच होता: "हँडल आपणहून मध्ये येतं. गाडी सरळमार्गी आहे!" प्रत्यक्षात मध्ये अडकणारं हँडल सोडवताना हात थोडा जास्तच जायचा आणि वीसच्या वेगात ही सरळमार्गी बाई नागासारखी सळसळत जायची.

शेवटी मंडईपाशी नाना वळले, गाडी वळली नाही. भाजीवाल्या मावशींनी अर्धा किलो भेंडीचे पैसे वसूल केले आणि वर "गाडीला जरा वळण लावा" असंही सुनावलं. काकूंनी तर जाहीरच केलं, "कोन सेट बदलल्याशिवाय मी मागे बसणार नाही." नाना हादरले. काकू बसल्या नाहीत तर एरवी चाक उचलायचं कोणी?

मेकॅनिक आला. त्याने छन्नी-हातोडी काढताच नानांनी खास जपलेला सी-पाना पुढे केला. "काका, नुसते छर्रे टाकू का?" असं त्या पोराने विचारलं मात्र, नाना कडाडले, "ढेकणाच्या गादीवर नवी चादर घालतोस?" इथे मात्र नाना शंभर टक्के बरोबर होते. फोर्क खाली सरकला आणि जुने छर्रे अंगणभर उधळले. ते फेकायचेच होते, पण मूळ हिशेब लागला पाहिजे म्हणून नानांनी आम्हा पाच जणांना रांगायला लावलं. शेवटचा काकूंच्या रांगोळीत सापडला. जुन्या वाट्या सळईने ठोकून बाहेर आल्या, नव्या ग्रीस लावून बसल्या. आता बोटाने नुसतं ढकललं की हँडल अलगद एका बाजूला कलायचं. नाना काहीच बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी मी बेसावध उतरलो. नाना सी-पाना घेऊन तिच्या मानेशी वाकलेले, शेजारी चिवड्याचा डबा, आत जुन्या वाट्या.

"फार मोकळं झालंय हो. पूर्वी कशी समोर बघायची! आता वाटेल तिकडे बघते. पाव आटा आवळतो..."

आणि मग, मान वर न करताच, "जरा मागे बसता का?"