आकसणारी नळी आणि निसटणारी पट्टी
उष्णतेने आकसणारी नळी, जिला दुकानात ‘हीट श्रिंक’ किंवा नुसते ‘स्लीव्ह’ म्हणतात, ती बहुधा पॉलिओलेफिन या प्लास्टिकची असून, रेणूंचे जाळे बांधल्यानंतर कारखान्यात तापवून फुगवलेली असल्याने, ९० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापताच मूळ मापाकडे परतते आणि तारेच्या जोडावर घट्ट बसते. वर्ध्याचा मे महिना पारा ४५ अंशांपुढे नेत असला, तरी हे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेवढ्या उकाड्यात सैलावतो तो फक्त चिकटपट्टीचा डिंक. हीट गन, म्हणजे तप्त हवेचा झोत सोडणारे यंत्र, हे या कामाचे खरे साधन. परंतु ज्या शहरात १९३८ साली ग्रामोद्योगाच्या अवजारांसाठी मगन संग्रहालय उघडले, तेथेही घरगुती वायरिंगचा अवजारसंच पाहावा तर त्यात तार सोलायला दात, नळी तापवायला आगपेटी आणि प्लास्टिक काळे पडले की ‘चालते’ हा शब्द, एवढाच ऐवज निघतो. शिवाय नळी तारेत आधी ओवायची असते, ही गोष्ट जोड पक्का पिळून झाल्यावरच आठवते, मग तिला ब्लेडने उभी चिरून जोडावर बसवतात, आणि चिरलेली नळी आकसून बाजूला सरकली की वरून गुंडाळली जाते ती तीच काळी चिकटपट्टी, जिचे टोक पुढच्या उन्हाळ्यात कूलरमागे धूळ माखून लोंबताना दिसते.