कंठशुद्धिप्रकरण

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत हवेच्या गाळणीपासून, म्हणजे एअर फिल्टरपासून, इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवर धातूची जी आखूड नळी बसवलेली असते तिला थ्रॉटल बॉडी म्हणतात. तिच्या पोटात आसावर फिरणारी एक गोल चकती असते आणि चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की ही चकती तिरपी होऊन हवेला वाट देते. मूळ इंग्रजी शब्दाचे नाते घशाशी असल्याने या अवयवास इंजिनाचा कंठ म्हणण्यास व्याकरणकारांची हरकत नसावी. ॲक्सिलरेटर दाबल्याने पेट्रोल सुटते अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः पाय केवळ हवा सोडतो आणि आलेल्या हवेच्या मानाने पेट्रोल फवारण्याचे काम ईसीयू नावाचा संगणक करतो. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेल्या मालाच्या जवळजवळ पंधरापट माल वातावरणातून फुकट मिळतो, ही बाब काटकसरी गृहस्थांच्या नजरेतून कशी निसटली हे एक कोडेच आहे.

१२०० घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी पूर्ण उघड्या कंठाने धावत असेल तर ते मिनिटाला १८०० लिटरांच्या आसपास हवा ओढते. स्वस्थ पडलेला मनुष्य सहा ते आठ लिटरांत भागवतो आणि रविवारी दुपारी त्यास तेवढीही जड होते. मात्र गाडी सिग्नलला उभी असता चकती जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाचा सारा श्वास तिच्या कडेच्या बारीक फटीतून चालतो. नेमक्या याच फटीवर संकट येते, कारण पिस्टनच्या बाजूने खाली निसटलेले वायू उघड्यावर सोडणे प्रदूषणाच्या दृष्टीने गैर असल्याने ते नळीवाटे पुन्हा इंजिनाच्या तोंडी घातले जातात आणि त्यांच्यासोबत आलेला तेलाचा अंश चकतीच्या कडेला काळ्या, चिकट थराच्या रूपाने बसतो. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट फॅनची पाती ज्याने पाहिली आहेत त्यास या थराचे वर्णन ऐकवणे अनावश्यक, आणि ज्याने पाहिलेली नाहीत त्याने थ्रॉटल बॉडीच्या नादी लागण्यापूर्वी ती पाहणे श्रेयस्कर. थर जमला की मिनिटाला सातआठशे फेऱ्यांवर स्थिर असावी अशी सुई खालीवर होऊ लागते, गाडी गचके देते आणि हिरवा दिवा लागण्याच्या मुहूर्तावर बंद पडते.

हा थर पुसून काढण्याच्या कार्यास लागणारे मुख्य आयुध म्हणजे दहाचा पाना. बाजारात तो दहा-अकरा असा दुतोंडी मिळतो, त्याचे भाऊ बारा-तेरा आणि चौदा-पंधरा घरात केव्हाही सापडतात, आणि दहा-अकरा तेवढा सापडत नाही. बॅटरीची ऋण तार सोडवण्यासही बहुधा हाच लागत असल्याने विधी आरंभीच खोळंबतो. मध्यंतरी इमारतीच्या पार्किंगमध्ये प्रेक्षक जमतात. त्यांत एके काळी कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी बाळगलेले एक सेवानिवृत्त गृहस्थ असतातच, आणि ते चोक ओढून पाहण्याचा सल्ला देतात. चोक म्हणजे कार्ब्युरेटरच्या काळात थंड इंजिनाची हवा हाताने कोंडून पेट्रोलाचे प्रमाण वाढवण्याची सोय. आजच्या गाडीत ती नाही, हे त्यांना सांगता येते, परंतु पटवता येत नाही.

सफाईसाठी मिळणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यातील द्रावण अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे इंजिन पूर्ण थंड असावे, आणि डॅशबोर्डवरील गणपतीपुढची उदबत्ती विझलेली असावी. द्रावण थेट न फवारता फडक्यावर घेऊन पुसणे इष्ट, कारण ते आसाच्या कडेने चकती फिरवणाऱ्या मोटरमध्ये शिरण्याची भीती असते. शिवाय काही कंपन्या चकतीवर व नळीत संरक्षक लेप देत असल्याने भांड्यांची तारेची घासणी येथे वर्ज्य आहे, मऊ टूथब्रश चालतो. नव्या गाड्यांत चकती तारेने नव्हे, तर विजेच्या मोटरने व नाजूक दातेरी चक्रांनी फिरते, सबब ती बोटाने ढकलू नये. ती उघडण्यासाठी बॅटरीची सोडवलेली तार तात्पुरती जोडून, इंजिन सुरू न करता, किल्ली फिरवून कोणालातरी ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागतो, आणि हे पद सामान्यतः पत्नीकडे जाते. बॉनेट उघडे असल्याने उभयतांस एकमेकांचे तोंड दिसत नाही. आतून ‘अहो, सोडू का?’ असा प्रश्न येतो, बाहेरून आलेला ‘सोडू नको’ यातील अखेरचा शब्द पार्किंगमध्ये विरतो, आणि चकती मिटते. बोट मात्र तेव्हा आत नसावे.

खरी गंमत सफाईनंतरची आहे. सर्व जोडून इंजिन सुरू करावे तर ते शांत होण्याऐवजी दुप्पट फेऱ्यांनी गुरगुरू लागते. याचे कारण असे की फट जसजशी बुजत गेली तसतसा ईसीयू चकती किंचित जास्त उघडून तूट भरून काढत राहिला, त्यालाच ॲडॅप्टेशन म्हणजे जुळवणी म्हणतात. मळ गेला तरी संगणकाची सवय जात नाही. संसारातही हेच दिसते. गळक्या नळाखाली बादली येते, बादलीतल्या पाण्यावर तुळस वाढते, आणि एखाद्या रविवारी गृहस्थाने अचानक नळ दुरुस्त केला की तुळस सुकू लागते व दोष दुरुस्तीच्या माथी येतो.

काही गाड्या रस्त्यावरच्या चारदोन फेऱ्यांत नवी जुळवणी आपणहून शिकतात, काहींना ठरावीक क्रमाने किल्ली फिरवून शिकवावे लागते, आणि काहींस संगणकाशी बोलणारे स्कॅनर यंत्र लागते, जे गॅरेजात असते. तेथील मेकॅनिक बॉनेट उघडून सुवासिक स्वच्छता पाहतो आणि एवढेच विचारतो, ‘कुणी हात लावला?’ यावर पाहुण्यांचे नाव सांगण्याची प्रथा आहे. वापरलेला टूथब्रश मात्र, कितीही धुतला तरी, वाचकांनी कृपया बेसिनवर परत ठेवू नये.