इथंच, गुलमंडीवर

1956 साली होरेस मायनर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात एका चमत्कारिक जमातीचं वर्णन छापलं. या लोकांच्या घरोघरी म्हणे देव्हारे असतात. देव्हाऱ्याच्या भिंतीत एक पेटी, पेटीत मंतरलेली औषधं आणि खाली पवित्र जलाचं पात्र. रोज एकेकट्याने आत जायचं आणि केसांची एक जुडी तोंडात घालून विधिपूर्वक फिरवायची. वर्षातून एक-दोनदा मुखाच्या मांत्रिकाकडे जाऊन भरपूर दक्षिणा देऊन छळ करून घ्यायचा. जमातीचं नाव नेसिरेमा. रोमन लिपीतलं हे नाव उलटं वाचलं की ‘अमेरिकन’ होतं. देव्हारा म्हणजे बाथरूम आणि मांत्रिक म्हणजे दातांचा डॉक्टर.

मायनरसाहेबांना स्वतःचे लोक विचित्र दिसावेत म्हणून नाव उलटं करावं लागलं. ते आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात, गुलमंडीवर आले असते तर ही मेहनत वाचली असती. इथे सुलट वाचूनही काम भागतं.

मायनर आले नाहीत, माझा भाचा आला. न्यू जर्सीतल्या एडिसनहून, ऐन जूनमध्ये, बायको आणि शाळकरी मुलासकट. मुलाच्या हातात एक वही होती. नातलगांच्या गावच्या चालीरीती लिहून आणा, असा सुट्टीचा अभ्यास शाळेने दिला होता. गुलमंडीजवळच्या रंगारगल्लीतल्या आमच्या ओट्यावर तो वही उघडून बसला आणि माझं आयुष्य अवघड झालं.

“आजोबा, त्या काकांनी ‘कुठे निघालात?’ विचारलं. तुम्ही ‘इथंच, गुलमंडीवर’ म्हणालात. पण तुम्ही गुलमंडीवरच उभे होतात.”

“मग? खोटं कुठे बोललो?”

भाचा म्हणाला, “मामा, आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. कुठे जायचं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट.”

“मग काय विचारतात?”

“कसे आहात.”

“आणि तुम्ही सांगता?”

“छे! ‘मस्त’ म्हणायचं आणि चालू लागायचं. कंबर धरलीय वगैरे खरं सांगायला लागलो तर समोरचा घाबरेल.”

म्हणजे ते प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. आम्ही थांबतो, पण उत्तर देत नाही. वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक एकटेच इमरती आणायला गेले. परत आले ते दुकानातल्या पोऱ्यासकट. पोऱ्या धापा टाकत म्हणाला, “साहेब, पैसे काउंटरवर विसरले.” ते विसरलेले नव्हते. नातवाने मोठ्या मनाने टिप ठेवली होती. तिकडे जेवणाच्या बिलावर पंधरा-वीस टक्के वर ठेवले नाहीत तर माणूस असंस्कृत ठरतो. इकडे इमरतीच्या दुकानात वरचे पैसे ठेवले तर गिऱ्हाइकाची तब्येत बरी नाही असं समजून ते घरपोच केले जातात.

कपड्यांच्या दुकानात उलटा धडा होता. तो भाच्याच्या मामीने, म्हणजे आमच्या हिने दिला. तिकडे सांगितल्यापेक्षा जास्त देणं ही सभ्यता. गुलमंडीवर सांगितली तेवढी किंमत देणं हा बावळटपणा, आणि दुकानदाराचा अपमानही. बिचाऱ्याने एवढा आकडा फुगवून सांगायचा आणि तुम्ही तो सपाट्यात मान्य करायचा, म्हणजे त्याच्या कलेला दादच नाही. ही साडीवर हात ठेवून म्हणाली, “भाऊ, शेवटचं सांगा.” तो म्हणाला, “ताई, तुम्ही म्हणून.” मग उठायचं, पर्स खांद्याला लावायची आणि पायरीकडे निघायचं. या चालण्यात सगळं शास्त्र आहे. फार हळू गेलात तर गरज उघडी पडते, फार भराभर गेलात तर तो हाक मारायच्या आत तुम्ही मछली खडकापर्यंत पोचता. हिला दुसऱ्या पायरीवर हाक आली. भाच्याची बायकोही जिद्दीने उठली. पण अमेरिकेत चालायची सवय, ती थेट पैठण गेटला निघाली. तिला फोन करून परत बोलावावं लागलं. दुकानदारानेच सुचवलं तसं.

वहीत पुढचा प्रश्न आला: “आजी आणि दुकानदार भांडले. मग त्याने चहा का मागवला?” मी म्हणालो, “असंच असतं.”

हे उत्तर त्याला पसंत पडेना. अमेरिकेत म्हणे प्रत्येक गोष्टीला कारण असतं. मी भाच्याला विचारलं, “काय रे, तुझ्या न्यू जर्सीत गाडीत पेट्रोल स्वतः का भरू देत नाहीत?” सगळ्या अमेरिकेत माणसं उतरून आपलं आपण पेट्रोल भरतात; एकट्या न्यू जर्सीत 1949 च्या कायद्याने आजही ते काम पंपावरच्या माणसाचंच. भाचा विचारात पडला. म्हणाला, “तसंच आहे तिकडे. मी कधी विचारलं नाही.” मी वहीकडे बोट दाखवलं, “हे पण लिही.”

नंतर पाऊस लांबला आणि मी पंचांग काढलं. मृगाचं वाहन कोणतं, आर्द्राचं कोणतं, हे मी वाचू लागलो तसा नातू हसून लोळायला लागला. “आजोबा, पाऊस म्हशीवर बसून येतो?” म्हटलं, प्रत्येक नक्षत्राचं वाहन वेगळं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाणीच पाणी. कोल्हा, मेंढा आला की ओढ. भाचाही हसला. मग मीही विचारलं, की पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात 2 फेब्रुवारीला उंच टोप्या घातलेली प्रौढ माणसं बिळातून एक घूससदृश प्राणी काढतात, त्याला स्वतःची सावली दिसली तर आणखी सहा आठवडे थंडी असं जाहीर करतात आणि सगळा देश ते टीव्हीवर बघतो, हे खरं का? खरं होतं. 1887 पासून चाललंय. आमच्याकडे निदान दर नक्षत्राला प्राणी बदलतो. यांनी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सगळा भार एकाच घुशीवर टाकलाय.

मग 4 जुलै आला. नातू सकाळपासून हिरमुसला होता. तिकडे आज फटाके, परेड, अंगणात भाजलेलं मांस, आणि इथे कुणाला पत्ताच नाही. मी समजूत काढली, “तुम्हाला एकच स्वातंत्र्यदिन. आम्हाला दोन. 15 ऑगस्ट 1947 ला देश सुटला, पण आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आम्ही सुटलो 17 सप्टेंबर 1948 ला.” त्याने बोटं मोजली. “तेरा महिने उशीर?” म्हटलं, “मराठवाड्याचा अनुशेष तिथपासून मोजतात. पण शाळेत झेंडावंदन दोनदा आणि खाऊही दोनदा.” हा मुद्दा त्याला मनापासून पटला. मग संध्याकाळी गुलमंडीवर धडाधड फटाके फुटले. कुणा भाऊंचा वाढदिवस होता. गणपतीची मिरवणूक असो, दहीहंडी असो की क्रिकेटमधला विजय, शहराला आनंद झाला की तो आधी गुलमंडीवर येऊन रस्ता अडवतो. नातू गच्चीत नाचू लागला, “फोर्थ ऑफ जुलै!” मी काही बोललो नाही. भाऊंच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे इतके फोटो होते, त्यात एक अमेरिका सहज मावली असती.

पाहुणे म्हटल्यावर वेरूळ आलंच. आम्ही गावकरी कैलास लेणं बघायला कधी आपण होऊन जात नाही, पाहुणे आले की जातो, आणि दर वेळी सोळा नंबरच्या लेण्यासमोर उभं राहून आपणच ते खोदल्यासारखं सांगतो, “वरून खाली कोरलंय बरं का, आधी कळस मग पाया.” भाचा म्हणाला, “आमचं नायगाराचं तसंच. इकडून कुणाचेही आई-बाबा आले की गाडी काढायची. धबधब्याला आता मी तोंडपाठ आहे.”

त्याला वेरूळचा रस्ता आठवत होता, पण परतल्यावर घर सापडेना. रिक्षावाल्याला तो फोनमधला पत्ता वाचून दाखवत होता. त्यात गावाचंच नाव किती वेळा बदललेलं: 1610 साली मलिक अंबरने हे गाव वसवलं, तेव्हा ते खडकी होतं. मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. पाट्या रंगवणाऱ्यांची चांगली सोय झाली. पण रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं ते एवढंच, “सुपारी हनुमानाच्या अलीकडे का पलीकडे?” अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे, हे त्याला विचारायचं नसतं. काय विचारायचं नसतं हे ज्याला न सांगता कळतं, तो इथला. बाकी आधार कार्डावर काहीही असो. मायनरसाहेबांनी एवढा मोठा लेख लिहिला, त्याचं सार मला तरी एवढंच कळलं, आणि ते रिक्षात कळलं.

नातवाला ते कळायला नळ यावे लागले. आमच्याकडे पाणी येत नाही, ‘नळ येतात’, आणि तेही कित्येक दिवसांनी एकदा. अवघ्या पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला नाथसागर जलाशय पसरलेला आहे, हे ऐकून त्याने पेन्सिल उचलली, पण त्याच क्षणी गल्लीत आरोळी उठली, “नळ आले!” मग प्रश्नाला वेळ नव्हता. मी मोटर लावली, हिने पिंप सरकवलं, भाचा अर्धवट दाढीने कळश्या लावू लागला. सून विचारत होती की आधीचं भरलेलं पाणी चांगलं असताना ओतायचं का. ही म्हणाली, “शिळं झालं ते!” चार दिवस जपून वापरलेलं पाणी नवं पाणी येताच शिळं होतं. वही कोपऱ्यात पडली, तिच्यावर बादली ठेवली गेली. पुढच्या खेपेला आरोळी ठोकणारा नातूच होता, पहाटे साडेतीनला.

मंडळी एडिसनला सुखरूप पोचली. आठवड्याने सुनेचा फोन आला, आवाज रडवेला. “मामा, याला काहीतरी सांगा. आल्यापासून बाथटब काठोकाठ भरून ठेवलाय, कुणाला अंघोळ करू देत नाही. आणि काल मी नळ सोडला तर म्हणतो, थांब, आधी शिळं ओतू दे.”