बोटीला भोक पाडणारे मास्तर

१ जूनला मासेमारी बंद होते, हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत विसाव्याला जातात आणि मास्तरांचा सीझन सुरू होतो. मास्तरांनी शाळेत कधी शिकवलेलं नाही. एक विचारलं तर आधी दुसरंच सात सांगायचं, एवढ्या गुणावर त्यांना ही पदवी मिळाली आहे. धंदा म्हणाल तर बोटींना फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासळी दाखवणारं यंत्र, बसवून देण्याचा. असा एकेक मास्तर मिरकरवाड्याला, वर्सोव्याला, मालवणलाही सापडेल.

मास्तर बोटीकडे समोरून पाहत नाहीत. नाव कुठल्या देवीचं, नाळेवर रंग कसला, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. आल्या आल्या लुंगी खोचून ते खाली वाकतात आणि बूड बघतात. माणसांशीही ते बुडाकडे बघतच बोलतात.

आधी मशीन निवडायचं. नाखव्याचा, म्हणजे बोटमालकाचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेजारच्यानं किती इंची लावलाय?" शेजारच्याचा सात इंची असेल तर याला नऊ हवा. एक किलोवॅट ताकदही हवी, कारण मेव्हण्याच्या बोटीला ती आहे. हा स्वतः जाळी टाकतो वीस वाव पाण्यात.

"नाखवा, मासळी टीव्हीच्या मापानं येत नाही," मास्तर म्हणतात आणि १९४८ सालापासून सुरुवात करतात. त्या साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी कामाला येईल असा पहिला फिशफाइंडर बाजारात आणला. तिथून हर्णैला पोचायला मास्तरांना पाऊण तास लागतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर धावतो, हेही त्यांनीच सांगितलेलं. त्या हिशेबाने तेवढ्या वेळात तो चार हजार किलोमीटर गेला असता. मग ५० किलोहर्ट्झ आणि २०० किलोहर्ट्झ. पन्नासचा आवाज खोल जातो पण पसरतो. दोनशेचा फार खोल जात नाही, पण जेवढं दाखवतो तेवढं लख्ख. वीस वावाला दोनशे पुरे. नाखवा मान डोलावतो आणि नऊ इंचीच घेतो.

खरं नाटक भोक पाडताना. लाकडी बोटीला ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा आवाज सोडणारा नि ऐकणारा भाग, बसवायचा तर बुडाला आरपार भोक पाडावं लागतं. ज्या बोटीत पाणी शिरू नये म्हणून दर पावसाळ्यात माणसं फटी बुजवत बसतात, तिलाच पैसे मोजून भोक! नाखव्याची आई एकदम कडाडते, "मेल्या, भरल्या घराला भोक पाडतोस?" मग नारळ फुटतो, ड्रिलला हळदकुंकू लागतं आणि सुतार मास्तरांकडे खुन्नसने बघत उभा राहतो.

मास्तर आता भलतेच गंभीर होतात. पठाणाजवळ, म्हणजे बुडाच्या कण्याजवळ, पण पंख्याच्या आणि इंजिनाच्या पाणी-धूर टाकणाऱ्या तोंडाच्या पुढे जागा हवी. कारण मागच्या बुडबुड्यांत आवाज अडकतो. तीही उजव्या अंगाला, कारण मागून पाहिलं तर पंखा उजवीकडे फिरतो आणि त्याचं पातं त्या अंगाला खाली जातं. बूड तिरकं, म्हणून सागवानी ठोकळा असा तासायचा की ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ तळाकडे राहील. सुतार म्हणतो, "उन्नीस-बीस चालतं." मास्तर खिशातून लेव्हल काढतात. लाकडी बोटीला प्लॅस्टिकचा चालत नाही, ब्राँझचाच; लाकूड पाण्यात फुगतं आणि प्लॅस्टिकला चिरडतं. म्हणूनच नटही आधी बेताचा आवळायचा आणि बोट पाण्यात उतरून लाकूड फुगल्यावर पक्का करायचा. ती मधली रात्र नाखवा बोटीत काढतो, पाना उशाशी घेऊन. केबल दोन मीटर जास्त झाली म्हणून खलाशी कात्री आणतो, तेव्हा मास्तर त्याच्या हातावरच झेप घेतात. फायबरच्या बोटीला म्हणे आतूनच इपॉक्सीने चिकटवता येतो, भरीव फायबरमधून आवाज जातो, भोकाची गरज नाही. मास्तर तेही करतात, पण त्यात त्यांना काही राम वाटत नाही.

एवढं खरं, की मास्तरांचं सगळं बरोबर असतं. म्हणूनच ते सहन होत नाहीत.

बोट हाकणारा तांडेल मात्र यंत्रावर मनापासून खूष. धक्क्यावर तो पाण्याचा रंग नि पाखरांची झुंड यांचंच कौतुक सांगतो. दर्यात दुसरी बोट जवळ आली की आधी खांद्यावरचा पंचा स्क्रीनवर टाकतो.

जाण्यापूर्वी मास्तर एक काम न सांगता करून जातात. स्क्रीनवर गोजिरवाणे छोटे मासे दाखवण्याची सोय असते, ती बंद करतात. मासा खरा असला तर बोट त्याच्यावरून जाताना कमान उमटते, ती वाचावी, असा त्यांचा आग्रह.

ऑगस्टच्या पहिल्या फेरीत, रेंज असेपर्यंतच, फोन आला.

"मास्तर, मशीनमधले मासे कुठं गेले?"

"ते मासे नव्हेत नाखवा. बुडबुडे असोत, शेवाळ असो, जेलीफिश असो, मशीन सगळ्याला माशाचं चित्र लावतं. कमान बघा, कमान."

"बघतो ना. शिकतो सगळं. पण तोवर ते मासे परत घाला. पडद्यावर काही दिसत नाही म्हणून खलाशी जाळ्याला हात लावत नाहीत."

मास्तर दोन मिनिटं गप्प राहिले, मग त्यांनी कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते सांगितलं.