लघुपट कसा करावा आणि प्रेक्षक कसा पळवावा

सर्वांत आधी पोस्टर करावे. कथा मागाहून सुचते, कधी सुचतही नाही. पण 'दिग्दर्शक' या शब्दापुढे आपले नाव बसले की निम्मे काम झालेच. गटात सात जण असले तर चौघांना दिग्दर्शक व्हायचे असते, दोघांना हिरो. उरलेल्याकडे मोटारसायकल असते. त्याला 'प्रॉडक्शन मॅनेजर' म्हणावे, म्हणजे पेट्रोलही तोच भरतो.

नायक उदास असावा. कार्तिकातल्या उतरत्या उन्हात त्याने धुऱ्यावर उभे राहून कापलेल्या बांधीकडे तीन मिनिटे बघावे. काही बोलू नये. का बघतोय, असे कोणी विचारलेच तर 'तुला सिनेमा कळत नाही' म्हणून मोकळे व्हावे. नायक मुका ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे भाषेची कटकट मिटते. गोंदिया जिल्ह्यात ती लहान नाही. घरी पोवारी, बाजारात हिंदी, वर्गात पुस्तकी मराठी. अर्जुनी-मोरगावकडे सरकलात की झाडीबोली, सालेकशाकडे गेलात तर गोंडी आणि छत्तीसगढी. आईशी हिंदीत भांडणारा नायक इथे खराही वाटेल, पण मग ही आई कोणत्या गावची, तिचे कोण ऐकणार, असले प्रश्न निघतात. त्यापेक्षा गप्प नायक बरा. तो सगळ्या तालुक्यांना सारखाच कळत नाही.

सारस दाखवायचा मोह आवरावा. धानाच्या बांधीत त्याचे घरटे असते. तुमच्या क्लोजअपसाठी त्याने जोडीदार सोडून उडून जाण्याचे कारण नाही. नागझिरा अभयारण्यात कॅमेरा न्यायचा तर वनखात्याची परवानगी लागते. तो अर्ज कोणी करायचा, यावर गटात पहिली फूट पडते.

आता आवाज. हे खाते सर्वांत नावडत्या मुलाला द्यावे. चिंचा पाडायच्या बांबूला मोबाइल बांधून तो त्याने नायकाच्या डोक्यावर धरायचा. दहाव्या मिनिटाला हात थरथरतात, मोबाइल फ्रेममध्ये उतरतो, आणि चौघेही दिग्दर्शक एकदम 'कट' ओरडतात. गटाचे एकमत होण्याचा हा एकमेव क्षण, तो जपावा. राइस मिलशेजारी शूटिंग केले असेल तर संवाद ऐकू येणारच नाहीत. उमेश कुलकर्णींनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना 'गिरणी' हा लघुपट केला. त्यात घरातल्या पिठाच्या गिरणीची घरघर पोराच्या डोक्यात जाते, आणि गोष्ट त्या आवाजावरच उभी राहते. आपल्याकडे घरघर आयती मिळते, गोष्ट तेवढी राहून जाते.

प्रेक्षक कोण, हे शेवटपर्यंत ठरवू नये. फारच आग्रह झाला तर 'फेस्टिव्हलवाले' म्हणावे. आणि चुकूनही वडशाला जाऊ नये. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसले की थेट पोहोचता येते, हीच भीती. तिथे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांच्या तारखा ठरतात. दिवाळी सरली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, शंकरपटात बैलजोड्या पळतात, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. लोक शाल-चादर घेऊन येतात आणि तिकीट काढून बसतात. परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर 5,000 हून अधिक प्रयोग केले. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असल्या मंडपात एक रात्र काढली की फार नुकसान होते. कोणत्या प्रसंगाला बाया चपला शोधू लागतात, पोरे कधी उठून मुतायला जातात, विनोदी नट नेमका कोणत्या ओळीवर प्रवेश करून मंडप पुन्हा खाली बसवतो, हे सगळे डोळ्यांनी दिसते. मग आपला धुरा तीन मिनिटांचा राहत नाही.

कॉलेजात गुणांसाठी 'संघभावना' या मथळ्याखाली पानभर आत्मचिंतन मागतात. 'आम्ही एकमेकांना समजून घेतले' असे लिहावे. बांबू कोणी धरला, पोहे कोणी आणले आणि शेवटच्या रात्री लॅपटॉप कोणी घरी नेऊन फोन बंद ठेवला, हे लिहू नये. पान पुरत नाही.

इतके करूनही लघुपट पुरा झालाच, तर मंडईच्या गावात नाटकाआधीची दहा मिनिटे मागून घ्यावीत. मंडळी जागा धरत असतात, कोणी शेंगा फोडत असते, पडद्यावर पाखरे बसतात. नायक धुऱ्यावर येतो. पहिले मिनिट सरते. दुसऱ्यात पुढच्या रांगेतली एखादी आजी तुमच्याकडे वळून विचारते,

"पोट्टा बोलत काऊन नाही गा? मुका आहे का?"

मंडप हसतो. तेव्हा रागावू नये, 'आजी, तुम्हाला कळणार नाही' असेही म्हणू नये. बांबूवाल्याला गाठावे आणि तिचा आवाज रेकॉर्ड झाला का, ते आधी विचारावे.