मागची बाजू

मावशींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. तुळशीबागेतल्या एका दोऱ्यांच्या दुकानात अँकरची 403 नंबरची, म्हणजे काळी, एकच लडी उरली होती. तिच्या एका टोकाला माझा हात होता, दुसऱ्या टोकाला त्यांचा. साठीच्या बाई, खांद्याला कापडी पिशवी, एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत. दुकानदार मुरलेला होता. "तुमचं ठरलं की सांगा," म्हणून तो लेस मोजायला लागला.

"काय करतेयस?" बाईंनी लडी न सोडता विचारलं. ओळख ना पाळख, थेट एकेरीवर.

"मोर."

"कुठवर आलाय?"

"मानेपर्यंत."

"आण बघू."

मोर पिशवीतच होता. जाईन तिथे मी तो बरोबर नेत असे. कुणी 'अय्या, तू केलंस?' म्हणालं की पुढचे दोन दिवस बरे जायचे. मी घडी उलगडून मोर त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. एका झटक्यात कापड उलटं केलं.

मागे जे काही होतं ते मीसुद्धा कधी नीट पाहिलं नव्हतं. गाठी होत्या. लोंबते शेपटे होते. डोळ्यापासून तुऱ्यापर्यंत एक काळा दोरा आडवा गेला होता, विनाथांबा गाडीसारखा. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराच्या शांतपणानं बाईंनी ते सगळं पाहून घेतलं आणि लडी सोडली.

"घे तूच. इतका दोरा वाया घालवतेस, तुला पुरायचा नाही."

लडी मला मिळाली आणि मोर मात्र मी सहा महिने कुणाला दाखवला नाही.

पुढे त्या माझ्या मावशी झाल्या. नात्यानं नव्हे; त्यांना सगळेच मावशी म्हणतात. आमच्यातल्या एकीनं मध्यंतरी 'उलट्या मावशी' असं नाव सुचवलं होतं. पण ते ऐकून कुणालाही आधी डॉक्टर आणि मग मीठ-साखरेचं पाणी आठवलं असतं, म्हणून ते रद्द झालं. नाव चुकीचं नव्हतं. मावशी जगातली कुठलीच वस्तू सुलटी बघत नाहीत. लग्नपत्रिका आली की आधी तिच्या पाठीवर छापखान्याचं नाव बघतील. करंजी उचलली की तिचा तळ बघतील. मुलासाठी मुलगी बघायला गेल्या, तेव्हा बाकीची मंडळी पोह्यांचं कौतुक करत होती आणि ह्या शेजारच्या उशीचा अभ्रा उलटून शिवण तपासत होत्या. शिवण पसंत पडली, लग्न जमलं. अभ्रे शिंप्यानं शिवले होते हे लग्नानंतर कळलं. त्याबद्दल सुनेला अजून अधूनमधून ऐकावं लागतं. देवधर्मात मावशींचा जीव फार नाही. पण प्रदक्षिणा मात्र त्या मनापासून घालतात. "समोरून काय, सगळेच बघतात," त्या म्हणतात. "मागे गेलं की कळतं, चुना कुठे लावलाय ते."

हे वेड त्यांना माहेरून आलं. माहेर धारवाडचं, त्यामुळे लहानपणापासून घरात कशिदा, म्हणजे तिकडची कासुती. आजी इरकलीवर गोपुरं, हत्ती आणि रथ भरायची, तेही छापा न मारता, कापडाचे धागे मोजून. कासुतीत गाठ मारायची नसते. तिच्यातले गवंती आणि मुरगी हे टाके दोन्हीकडून सारखे दिसतात, त्यामुळे सुलट कुठली आणि उलट कुठली हा प्रश्नच उरत नाही. आजी नातीचं काम पुढून बघायचीच नाही, असं मावशी सांगतात. कासुतीतच मेंथे नावाचा एक टाका आहे. मेंथे म्हणजे मेथी. तो फुलीफुलीनं भरत जातो आणि कापडावर मेथीदाणे सांडल्यासारखा दिसतो. मावशी त्या मेथीवरून घसरल्या त्या थेट आमच्या फुलीच्या टाक्यात, म्हणजे क्रॉसस्टिचमध्ये, येऊन पडल्या. आजीची नजर मात्र बरोबर घेऊन आल्या.

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांना फुलीचा टाका हा अगदी निरुपद्रवी प्रकार वाटतो. चौकोनाचौकोनाचं कापड घ्यायचं, एक तिरपी रेघ अशी, दुसरी तिच्यावर तशी, झाली फुली. शाळेत आपण फुली-गोळा खेळलो, त्यातला गोळा वजा. पण 14 काउंटचं कापड म्हणजे एका इंचात 14 चौकोन. म्हणजे चौरस इंचाला 196 फुल्या. माझा मोर 10 इंच बाय 14 इंच, म्हणजे पार्श्वभूमीसकट 27,440 फुल्या. आणि ह्या प्रत्येक फुलीची वरची तंगडी एकाच दिशेला पडली पाहिजे. एखादी जरी उलट पडली तरी तिच्यावर उजेड वेगळा पडतो आणि तेवढाच ठिपका केस उलटे विंचरल्यासारखा दिसतो. मला तो दिसत नाही. मावशींना दारात चपला काढताना दिसतो.

दोरा सहापदरी असतो. त्यातले दोन पदर सोडवून घ्यायचे. गाठ मारायची नाही, कारण फ्रेम केल्यावर ती काचेखाली मुरुमासारखी वर येते. त्याऐवजी एकच लांब पदर मध्ये दुमडून सुईत ओवायचा आणि मागे जो फास उरतो त्यातूनच पहिला टाका ओढून घ्यायचा. शेवटचं टोक मागच्या चारपाच टाक्यांखालून सरकवून कापायचं. गडद दोरा पांढऱ्या कापडामागून लांब न्यायचा नाही, कारण तो पुढून सावलीसारखा दिसतो. हे सगळं जमलं तर मागे फुल्या दिसतच नाहीत. नुसत्या उभ्या, शिस्तीच्या रेघा दिसतात. मावशी त्यांना 'शाळेची प्रार्थना' म्हणतात. माझ्या मोराच्या मागच्या बाजूला त्यांनी 'मधली सुट्टी' म्हटलं होतं.

"आधी उसवायला शीक, मग टाका शिकवते," हा त्यांच्या शिकवणीचा पहिला धडा. तीन रविवार मी त्यांच्या खिडकीत बसून स्वतःचा मोर उसवला. चौथ्या रविवारी माझ्या सासूबाईंनी फार प्रेमानं विचारलं, "इतके दिवस जातेस, मोर लहान लहान का होतोय गं?"

त्याच खिडकीतून मला मावशींच्या दिवाणखान्यातली प्रसिद्ध फ्रेम पहिल्यांदा दिसली. आपल्याकडच्या जुन्या घरांत असायची तशीच: दोन्हीकडे दोन पोपट, मध्ये 'सुस्वागतम्'. फक्त ती उलटी लावलेली आहे. म्हणजे खालचं वर नव्हे, मागचं पुढे. पोपट ठीक दिसतात, पोपटाला डावं-उजवं सारखंच. पण अक्षरं आरशातली. येणारा पाहुणा पाणी पिता पिता जरा वेळ तिच्याकडे बघतो आणि अदबीनं विचारतो, "मोडी का?" फ्रेमवाल्यानं बिचाऱ्यानं दोनदा ती 'सुधारून' पाठवली. तिसऱ्यांदा मावशी त्याच्या दुकानात स्टुलावर ठाण मांडून बसल्या आणि आपल्या देखत त्याच्याकडून काच ठोकून घेतली.

"अहो, पण वाचता येत नाही ना," मी म्हटलं.

"आल्यागेल्याला चहा मिळतोच. वाचून काय करायचंय?"

चहा येतो. तो काका करतात. काका निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे चहा, लड्या धरणं आणि मोजणी अशी तीन खाती आहेत. मोजणीत मध्ये कुणी बोललेलं मावशींना चालत नाही. एकदा त्या 'सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस' करत असताना काकांनी विचारलं, "बँकेत किती भरायचे?" त्या म्हणाल्या, "एकोणपन्नास." काकांनी एकोणपन्नास हजार भरले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही, पण ती ओळ बरोबर आली.

रंगांना मावशी नावानं हाक मारत नाहीत. त्यांचा भाचा लंडनहून त्यांना डीएमसीचे दोरे आणतो. डीएमसी ही फ्रान्समधल्या म्यूलूझची कंपनी, 1746 सालची. म्हणजे पुण्यात नानासाहेब पेशवे कारभार बघत होते तेव्हा तिकडे ही मंडळी कापडावर छपाई करत होती. जगाला दोरा पुरवू लागली ती पुढे. तिचं पाचशे रंगांचं नमुनापत्र मावशींना पाढ्यांसारखं पाठ आहे. "चहा 433 झालाय, मला 436 लागतो," असं त्या काकांना सांगतात, आणि काका मुकाट्यानं आणखी दूध घालतात. कुंकू 666. झेंडूच्या माळेतली केशरी फुलं 740. फोडणीत कांदा विसरला तर 3371. एकदा त्यांना साडी घ्यायला मी बरोबर गेले होते. विक्रेत्यानं "मावशी, शेवाळी दाखवू?" म्हटल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्याला नंबर विचार. शेवाळी म्हणजे नळाखालचं की विहिरीतलं?"

चार वर्षांपूर्वी त्या भाच्याकडे लंडनला जाऊन आल्या. राणीचा राजवाडा बाहेरूनच पाहिला, कारण मागे जाऊ दिलं नाही. पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमबद्दल त्या अजून बोलतात. तिथे जेन बोस्टॉक नावाच्या बाईनं भरलेला एक नमुना आहे, त्यावर 1598 साल टाचलेलं. तारीख असलेला इंग्लंडमधला सगळ्यांत जुना नमुना तोच. मावशींनी पहारेकऱ्याला गाठलं आणि आपल्या इंग्रजीत विनंती केली की हे जरा उलटं करून दाखवता का. तो म्हणाला, शक्य नाही. ह्या म्हणाल्या, मी हात लावणार नाही, तुम्हीच करा. तो म्हणाला, काच आहे. ह्या म्हणाल्या, काच आहे हेच तर चुकलंय. शेवटी भाच्यानं मध्ये पडून मावशींना कॉफी प्यायला नेलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश मेजरवर मात्र मावशींचा पूर्ण विश्वास आहे. अॅलेक्सिस कॅसडॅगली जर्मनांच्या कैदेत होता. 1941 मध्ये त्यानं छावणीत बसून फुलीच्या टाक्याचा एक नमुना भरला आणि त्याच्या चौकटीत मोर्सच्या ठिपक्या-रेघांतून हिटलरला शिवी गुंफली. जर्मनांना नक्षी आवडली. त्यांनी ती छावण्यांमधून कौतुकानं मांडली. ही गोष्ट सांगून झाली की मावशी सुई थांबवतात आणि म्हणतात, "नुसतं लांबून छान छान म्हणणाऱ्यांचं हे असं होतं."

माझ्या मुलाच्या बारशाला मावशी आल्या त्या मोकळ्या हातांनी. पाळण्यापाशी उभं राहून त्यांनी नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "जोडाक्षर कशाला घातलंत? आठ चौकोनांत बसत नाही ते." मग पर्समधून आलेखाचा कागद काढून त्यांनी नाव लिहून घेतलं, जन्मतारीख आणि वेळ विचारली, घुगऱ्या खाल्ल्या आणि गेल्या. भेट मागाहून येणार होती.

मुलगा रांगायला लागला. चालायला लागला. बालवाडीत गेला. मी एकदा चाचरत विषय काढला, तेव्हा त्यांनी मला गप्प केलं. जेन बोस्टॉकच्या त्या नमुन्यावर अॅलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंद आहे. जन्म 23 नोव्हेंबर 1596चा, नमुना 1598चा. "म्हणजे भेट दोन वर्षं उशिराच आली की नाही? आणि ती आज म्युझियमात आहे. वेळेवर दिलेली झबली कुठायत?" झबल्यांची पायपुसणी झाली होती. मी काही बोलले नाही.

भेट आली तेव्हा मुलाचे पुढचे दोन दात पडले होते. हत्ती, त्याच्या पाठीवर अंबारी, खाली नाव, तारीख, वेळ. जोडाक्षर आठ चौकोनांत बसवलं होतं. घरातल्या सगळ्यांनी 'वा' म्हटलं. मुलानं विचारलं, "हत्तीला नाव माझं का दिलं?" फ्रेम करायला टाकायचं ठरलं आणि ते कापड टेबलावर चार दिवस पडून राहिलं.

पाचव्या दिवशी टेबल पुसताना माझा हात आपोआप गेला आणि मी ते उलटं केलं. मागे शाळेची प्रार्थना होती. एकही शेपूट नाही, एकही आडवा दोरा नाही. आणि हत्तीच्या पोटाच्या बरोब्बर मध्यावर एक गाठ होती.

लहान नव्हे, चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी. मी चष्मा पुसला. परत पाहिलं. मग उजेडात नेऊन पाहिलं. मावशींचे डोळे गेले की काय ह्या भीतीनं माझ्या पोटात धस्स झालं. संध्याकाळपर्यंत मी फोन उचलून तीनदा खाली ठेवला. शेवटी केला.

"मावशी, हत्ती फार सुंदर झालाय."

"बरं."

"म्हणजे... मागे एक... पोटापाशी..."

"गाठ आहे," मावशी म्हणाल्या. "मीच मारलीय."

"तुम्ही?"

"आजवर पाच घरांत दिली मी अशी गाठ मारलेली वस्तू. पाचही जणांनी फ्रेमा करून भिंतीला लावल्या. फोन एकटीचा आला, तुझा."

मला गहिवरून आल्यासारखं झालं. काय बोलावं सुचेना. पलीकडून काकांचा कपबश्यांचा आवाज येत होता.

"पण काय गं," मावशींचा आवाज चढला, "हत्ती येऊन पाच दिवस झाले. एवढा उशीर लावतात का उलटून बघायला?"