दोन ग्रॅमचा फरक

बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेला माणूस निवृत्त झाला की पहिले काही महिने त्याला काय करावं ते सुचत नाही. मग एकदाचं सुचतं, आणि घरच्यांना काही सुचेनासं होतं. कुणी होमिओपॅथीची पेटी आणतो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. साताऱ्यातले आमचे शेजारी ओव्हनकडे वळले. त्यांना आता सगळे केककाका म्हणतात. असे केककाका हल्ली गावोगाव आहेत, फक्त प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटतं. ज्या गावात पाहुण्यापुढे कंदी पेढे ठेवले की यजमान सुटला, त्या गावात हे पाहुण्याला स्ट्रॉबेरी आणि क्रीम चीजचा स्पंज केक देतात. देतात म्हणजे आधी दाखवतात.

नोकरीत असेपर्यंत काकांचा स्वयंपाकघराशी संबंध ताटापुरता होता. एकदा चहा करायची पाळी आली तेव्हा साखरेचा डबा कुठला, हे विचारायला त्यांनी काकूंच्या माहेरी फोन लावला होता म्हणे. आजही आमटीला फोडणी घाला म्हटलं तर ते मोहरीपाशीच अडतील. अंड्यातल्या प्रथिनांचा विषय काढा, मग मात्र तुमची बस चुकली म्हणून समजा. याचं कारण साधं आहे. काकूंच्या स्वयंपाकात चिमूटभर, मूठभर आणि ‘पीठ घेईल तेवढं पाणी’ असली मापं असतात. अशी नोंद खतावणीत कशी घेणार? केकमध्ये मात्र ग्रॅम असतात. काकांनी डिजिटल काटा आणला त्या दिवशी ते पुन्हा काउंटरवर रुजू झाले. टरफलाशिवाय अंडं ५० ग्रॅमचं धरायचं. ४८ भरलं तर पुढच्या अंड्याकडे ते संशयाने बघतात. दोन ग्रॅमचा फरक वेळीच सापडला नाही तर संध्याकाळपर्यंत माणसाला घरी जाऊ देत नाही, असं ते सांगतात. स्वतःच्याच घरात उभे राहून सांगतात.

स्पंजचं त्यांचं गणित असं. चार अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम मैदा. बेकिंग पावडर नाही. ती म्हणजे ताळेबंद फुगवून दाखवणं. केक फुगायचा तो अंड्यात कोंडलेल्या हवेवर. म्हणून अंडी-साखरेचं भांडं गरम पाण्यावर धरून कोमट करायचं आणि मिश्रण तिप्पट होईपर्यंत बीटर चालवायचा. झालं की नाही हे बघायला बीटर उचलून ओघळत्या धारेने वर इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. तो काही सेकंद तरी मोडता कामा नये. काकूंनी एकदा मराठी आठ काढला. तो छान टिकला, पण काकांनी ग्राह्य धरला नाही.

मग मैदा चाळून, दोन-तीन हप्त्यांत घालून, खालून वर असा हलक्या हाताने मिसळायचा. कोंडलेली हवा सुटली की खेळ खलास. काकूंचा हात बेसनाच्या लाडवांवर तयार झालेला, मिसळा म्हटलं की त्या मनापासून घोटतात. त्यामुळे हे काम त्यांना दिलं जात नाही. बाकीची दिली जातात.

ओव्हन आधीच १८० अंशांवर तापलेला असतो. केक आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही, नाहीतर आतली ऊब जाते आणि अर्धा कच्चा स्पंज मध्येच बसतो. इथवर शास्त्र झालं. त्या वेळात बेल वाजवायची नाही, गॅलरीचं दार आपटायचं नाही आणि कुकर लावायचा नाही, हे नियम काकांनी स्वतःच्या अधिकारात घातले आहेत. काका ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसतात. थकीत कर्जदाराकडेसुद्धा त्यांनी इतकं रोखून पाहिलं नसेल.

घरात काकांच्या आई आहेत, नव्वदीच्या. या घरात अंडं कधी आलं नव्हतं, आणि आजींच्या मते अजूनही आलेलं नाही, ते गॅलरीतल्या डब्यात असतं. त्यांच्यासाठी काका दही आणि सोड्याचा बिनअंड्याचा केक करतात. दह्यातलं आम्ल सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात आणि त्यावर केक वर येतो, हे आजींना समजावून सांगतात. आजी ऐकून घेतात, एक तुकडा खातात आणि म्हणतात, “परवाचा जास्त हलका होता. त्यात काय होतं ते मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.”

क्रीम चीजचं प्रकरण मोठं आहे. पहिला डबा मुलाने पुण्याहून बर्फाच्या पिशवीतून आणला. काकांनी तो उघडण्यापूर्वी इतिहास सांगितला. १८७२ च्या सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, विल्यम लॉरेन्स नावाच्या गृहस्थाने हे करायला घेतलं. १८८० मध्ये त्याला फिलाडेल्फिया हे नाव मिळालं, होत नव्हतं मात्र ते फिलाडेल्फियात. त्या शहराच्या दुधालोण्याचा तेव्हा लौकिक होता, म्हणून नाव उचललं. एवढं होईतो काकूंनी डब्यात बोट बुडवून चव घेतली होती.

“अहो, हा तर चक्का.”

काका दुखावले. चक्का म्हणजे टांगलेलं दही. यात दुधाबरोबर भरपूर साय असते आणि स्निग्धांश तेहतीस टक्क्यांच्या पुढे. काकू म्हणाल्या, बरं. पुढच्या डब्याची किंमत कळल्यावर मात्र काकांनीच विषय काढला. आता काकू पांढऱ्याशुभ्र फडक्यात दही बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवतात, सकाळी त्यात घट्ट क्रीम आणि पिठीसाखर हलकेच मिसळतात. पाहुण्यांसमोर त्याला क्रीम चीज म्हणायचं ठरलं आहे. काकूंची त्याला हरकत नाही. श्रीखंड म्हणून केलं असतं तर कुणी फोटो काढला नसता, असं त्या म्हणतात.

फळं चिरणं काकूंकडे आणि त्यावर देखरेख काकांकडे. थंडी पडली की महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात येते. ती धुऊन टिपून पूर्ण कोरडी करायची आणि थरात घालेपर्यंत साखर लावायची नाही, कारण साखर फळाचं पाणी बाहेर ओढते आणि स्पंज भिजून बसतो. अननस कच्चा चालत नाही. त्यातलं ब्रोमेलेन दुधाची प्रथिनं तोडतं आणि चक्का, म्हणजे क्रीम चीज, कडवट होतं. म्हणून अननस आधी शिजवायचा. किवीबद्दलही असंच काहीसं एक व्याख्यान आहे, ते मी टाळतो. मे महिन्यात हापूस घालायचा बेत आजींनी हाणून पाडला.

आणि भांडी! एका केकला चाळणी, तीन वाडगी, बीटरची पाती, उलथनी, दोन डबे, फडकं, पाकाचं पातेलं. काकांची कला संपते तिथे सिंक भरलेलं असतं. काका हात पुसून बाहेर येतात आणि “केला बुवा मी एकदाचा” म्हणतात. इतका सहजपणे उच्चारलेला एकवचनी कर्ता मी मराठीत दुसरीकडे ऐकलेला नाही.

केक फ्रिजमध्ये चार तास बसतो. पाहुणे बाहेर तितकाच वेळ. मग सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, पहिला काप. तो काप फोटोसाठी. दुसरा तुमचा. तुम्ही घास घेता तेव्हा काका तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतात. ‘छान’ म्हणून सुटका होत नाही, ते सगळेच म्हणतात. “जाळी काय पडलीय!” म्हणावं लागतं. मात्र ढोकळ्यासारखी म्हणू नये. शेजारच्या इमारतीतल्या एकांनी म्हटलं होतं, त्यांना पुढच्या वेळी बोलावणं गेलं नाही.

गेल्या महिन्यात काकांना पहिली ऑर्डर मिळाली, एका बारशासाठी. काकांनी रीतसर व्हाउचर लिहिलं. अंडी, मैदा, साखर, दूध, क्रीम, स्ट्रॉबेरी. वीजसुद्धा लिहिली: १५०० वॅटचा ओव्हन पाऊण तास म्हणजे सव्वा युनिटच्या आत, थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होतो म्हणून एकच धरलं. बेरीज दोनदा तपासली. काकूंनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला आणि खाली तीन ओळी वाढवल्या. चक्का बांधणे व फेटणे. फळे टिपणे व चिरणे. भांडी. प्रत्येकीपुढे रक्कम. एकूण आकडा दुप्पट झाला.

काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. नोंदी बरोबर होत्या, बेरीज बरोबर होती, नाकारायला नियम सापडेना. शेवटी सही केली, खाली तारीख घातली आणि विचारलं, “टीडीएस कापायचा का?”

“कापा की,” काकू म्हणाल्या. “त्यातलं पाकाचं पातेलं तुम्ही घासा.”